कोंबडी कंपनीची, घाण गावाची

गोव्यातल्या ग्रामसभेत पोल्ट्रीचा विषय निघाला की पुढचा तास कसा जाणार हे आता पाठ झालं आहे. एक गट उठतो: वास येतो, माश्यांमुळे ताट वाढता येत नाही, विहिरीचं पाणी तोंडात घालवत नाही, शेड बंद करा. दुसरा उठतो: गावच्याच पोराने कर्ज काढून धंदा उभा केला, त्याच्या पोटावर पाय देता? मग मागच्या रांगेतून कोणीतरी बाहेरून येऊन बंगले बांधणाऱ्यांचा उद्धार करतो, कोणी श्रावण पाळणारे आणि न पाळणारे असा नवाच फाटा फोडतो आणि मूळ प्रश्न सभागृहाबाहेर जातो. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव. 'ना हरकत दाखला रद्द करावा', नाहीतर 'विषय पुढील सभेत घ्यावा'. कागद गट विकास अधिकाऱ्याकडे जातो, तिथून खात्याकडे, आणि तोवर शेडमध्ये पुढची पिल्ली उतरलेली असतात. डुकरांच्या फार्मांबद्दल आणि शंभर-दीडशे जनावरांच्या गोठ्यांबद्दलही याच चालीवर भांडण होतं.

मला या भांडणात दोन्ही बाजू चुकीच्या माणसाशी झगडताना दिसतात. 'शेड हवी की नको' हा प्रश्न गावाने बाजूला ठेवावा आणि दोन गोष्टींवर अडून बसावं. या जमिनीला आणि या पाण्याला किती जनावरांची घाण पेलते याचा हिशेब आधी, परवाना नंतर. आणि ती घाण उचलण्याची जबाबदारी पक्षी ज्याच्या मालकीचे त्याच्यावर, म्हणजे बहुतेक ठिकाणी शेडवाल्याशी करार करणाऱ्या कंपनीवर. बाकी सारा आरडाओरडा करमणुकीपुरता ठीक आहे.

शेडवाल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, आणि ते थोडं नाही. गोव्याचं ताट शेजाऱ्यांच्या जिवावर भरतं. दूध कोल्हापूर-बेळगावकडून येतं, कोंबड्या आणि अंडी बहुतांशी कर्नाटकातून. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सीमेवर गाड्या अडल्या, तेव्हा या परावलंबनाचा अर्थ प्रत्येक घराला कळला. त्याच वर्षी सरकारने 'स्वयंपूर्ण गोवा' कार्यक्रम हाती घेतला, तो काही हवेतून आला नव्हता. त्याआधी २०१२ साली खाणी थांबल्या, डिचोली-सत्तरी-सांगे पट्ट्यात ट्रक दारात गंजत उभे राहिले, तेव्हा आपण सारेच त्या ट्रकमालकांना सांगत होतो की गायी घ्या, पोल्ट्री घाला, मातीकडे वळा. त्यातले काही खरंच वळले. आता त्यांना 'वास येतो' म्हणून उठवणं अन्यायाचं आहे, आणि नाकाला रुमाल लावणारा रविवारी चिकनच्या दुकानापुढे उभा असतो तेव्हा तर ढोंगाचंही आहे. शेतीला वास असतोच. ज्याला तो नको त्याने भाताच्या मळ्याकडे तोंड करून घर बांधू नये.

पण कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, गोठा आणि दहा हजार पक्ष्यांची शेड यांना एकाच शब्दात 'शेती' म्हणून दोघांनाही एकच सवलत देता येत नाही. गाय दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. कुळागरात अशा चार गायी असल्या तरी पोफळी, केळी, मिरीवेलींना ते खत कमीच पडायचं. गुरं जिथलं गवत खात तिथेच शेण पडे, आणि हे चक्र त्याच भाटात, म्हणजे बागायतीत, पुरं होई. मोठ्या शेडमध्ये ते तुटलेलं असतं. मका आणि सोयापेंड घाटावरून येते, मांस मडगाव-कळंगुटला जातं आणि उरलेलं वाड्यावर राहतं. दहा हजार ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांची, एक बॅच साधारण चाळीस दिवसांत निघते आणि मागे दहा ते पंधरा टन 'लिटर', म्हणजे खाली अंथरलेला तूस व विष्ठा यांचं मिश्रण, सोडते. वर्षाला अशा पाच-सहा बॅचेस. ते खत फार उत्तम आहे, प्रश्न ते पसरायला जमीन किती आहे हा आहे. एवढं नायट्रोजन आणि फॉस्फरस मुरवायला लागणारी लागवड शेडवाल्याकडे असते का? वीस गुंठ्यांच्या भाटात शेड, गोदाम आणि बोअरवेल झाल्यावर चार माड उरतात.

वासाबद्दलही दोन्ही बाजू अंदाजाने बोलतात. एक म्हणते तो असतोच, दुसरी म्हणते तो जाणारच नाही. जुना, हुशार शेडवाला काय करतो ते एकदा जवळून पाहावं. तो खाली वाकून मूठभर लिटर उचलतो आणि दाबतो. मूठ उघडल्यावर तूस मोकळा होऊन पडला तर सगळं ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल चढली आहे. मग तो पाण्याच्या निपलखालून हात फिरवत जातो, कुठला निपल ठिबकतोय ते शोधतो, त्याखालची ढेकळं फावड्याने काढून बाहेर नेतो, उरलेलं लिटर उलटंपालटं करतो, चुना टाकतो. कोंबडीच्या विष्ठेतलं युरिक आम्ल ओलीत कुजलं की अमोनिया सुटतो, डोळ्यांना झोंबतो तो हाच. आणि उकाड्यात माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे ओली ढेकळं आठवड्याला हलवली नाहीत तर प्रत्येक आठवडा नवी फौज. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जून ते सप्टेंबर हे काम रोजचं होतं. ते होऊ शकतं, पण त्याला माणसं लागतात, आणि माणसांना मजुरी.

ती मजुरी कोणाच्या खिशातून जाते? गोव्यात काय आणि शेजारी काय, ब्रॉयलरचा बराचसा धंदा करारावर चालतो. कंपनी पिल्ली देते, खाद्य देते, औषध देते, सुपरवायझर पाठवते आणि तयार पक्षी तोलून नेते. शेड, वीज, पाणी, तूस आणि मजुरी शेतकऱ्याची. त्याला किलोमागे संगोपनाचे पैसे मिळतात. खाद्य जास्त गेलं किंवा मरतूक वाढली तर ते कापले जातात. पक्षी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कंपनीचा असतो. फक्त त्याची विष्ठा आणि त्याचं प्रेत शेतकऱ्याचं. शंभरात चार-पाच पक्षी मरणं हे धंद्यात नेहमीचंच धरतात. म्हणजे दहा हजारांमागे चारपाचशे, दर बॅचला. खड्डा खणून चुन्यात पुरायचे असतात. रस्त्याच्या कडेला फुटलेल्या गोण्यांभोवती कुत्री जमतात तेव्हा ते पुरले गेलेले नसतात. लिटरचंही तसंच. उन्हाळ्यात बागायतदार ट्रॉली भरून नेतात आणि शेडवाल्याला चार पैसे सुटतात. पावसात गिऱ्हाईक नसतं, मग ढीग शेडमागे, आणि तिथून व्हाळात, म्हणजे ओढ्यात. कोरडं लिटर पक्ष्यालाही मानवतं म्हणून शेडच्या आतलं सुपरवायझर बघतो. शेडच्या बाहेर गेलेल्या ढिगाबद्दल विचारण्याचं त्याला काही कारण ठेवलेलंच नाही.

हे इथेच घडतं असं नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात डुकरांचे प्रचंड फार्म आहेत. मलमूत्र उघड्या तलावांत साठवतात आणि शेतांवर फवारतात. १९९९ साली 'फ्लॉइड' चक्रीवादळात त्यातले काही तलाव पाण्याखाली गेले, काही फुटले, आणि घाण नद्यांत उतरली. आसपास राहणारे लोक बहुतांशी कृष्णवर्णीय आणि गरीब. त्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आणि 'शेतीला वास असतोच' हे उत्तर ऐकलं. शेवटी ते न्यायालयात गेले, तेव्हा त्यांच्या वकिलांनी एक शहाणपण केलं. दावा करार घेतलेल्या शेतकऱ्यावर लावला नाही, डुकरं ज्या कंपनीच्या मालकीची होती त्या मर्फी-ब्राऊनवर, म्हणजे स्मिथफील्डच्या उपकंपनीवर लावला. २०१८ मध्ये ज्यूरींनी एकामागून एक निकाल रहिवाशांच्या बाजूने दिले. एका खटल्यातली भरपाई ४७ कोटी डॉलरच्या वर गेली आणि राज्याच्या कायद्यातल्या मर्यादेमुळे नऊ कोटींच्या घरात आली. २०२० मध्ये अपील न्यायालयानेही कंपनीची जबाबदारी कायम ठेवली आणि कंपनीने तडजोड केली. हा विजय अर्धाच, हेही सांगायला हवं. खटले चालू असतानाच तिथल्या विधिमंडळाने पुढच्या अशा दाव्यांची वाट जवळजवळ बंद केली, आणि ते तलाव अजून आहेत. तरीही 'जनावर तुझं तर घाणही तुझी' हे तत्त्व न्यायालयात टिकू शकतं एवढं त्यातून सिद्ध झालं.

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं आहे. त्या खोऱ्यात दोन कोटींच्या आसपास कोंबड्या वाढतात. शेतांवर पडलेल्या खतातला फॉस्फरस नदीत उतरला, उन्हाळ्यात पाणी हिरवं पडायला लागलं. तिथल्या लोकांनी केलेलं सर्वांत उपयोगी काम मोर्चाचं नव्हतं. शेकडो स्वयंसेवक नदीकाठी ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी जाऊन पाण्याचे नमुने घेऊ लागले. 'नदी बिघडली' हे म्हणणं आकड्यांत मांडता आल्यावर कोंबडी पुरवणाऱ्या बड्या कंपनीलाही खत खोऱ्याबाहेर नेण्याची व्यवस्था करणं भाग पडलं.

'पण आपल्याकडे कुठे कोटी कोंबड्या आहेत? तमिळनाडूतल्या नामक्कलच्या पोल्ट्रीपुढे गोव्याची पोल्ट्री म्हणजे खेळ.' हा युक्तिवाद खात्यातले लोकही करतात. आकड्यांत तो बरोबर आहे. पण मोठं-लहान ठरतं ते खालच्या जमिनीवरून. हे सगळं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, त्यात पूर्वेला अभयारण्यं, पश्चिमेला हॉटेलं, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात गावं, खाणींचे खड्डे, बागायती. खाली जांभा. जांभ्याला भेगा आणि भोकं असतात. वर ओतलेलं पाणी बघता बघता खाली झिरपतं आणि उताराला विहीर असते. तमिळनाडूच्या कोरड्या माळावर जी शेड कोणाच्या नजरेत भरणार नाही ती इथे तीन वाड्यांच्या पाण्याच्या डोक्यावर बसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, कारण त्यावर गेलेलं पाणी तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. या नायट्रेटला ना वास, ना चव. म्हणजे ज्या गोष्टीवरून ग्रामसभेत सर्वांत जास्त ओरड होते तो वास, आणि जी खरी घातक ती कोणाच्या नाकाला कळतच नाही.

इथे आपल्या लोकांना नायलॉन ६,६ च्या कारखान्याविरुद्धचं आंदोलन आठवतं, आणि आठवायलाच हवं. केरी-फोंड्याच्या लोकांनी तो प्रकल्प येऊ दिला नाही. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक गेला आणि अखेर प्रकल्प गोव्यातून गेला. तेव्हापासून 'हटवा' ही गोव्याच्या आंदोलनाची मातृभाषा झाली आहे. पण तिथे एका बाजूला गाव होतं आणि दुसऱ्या बाजूला नाव-पत्ता असलेली कंपनी. पोल्ट्रीच्या भांडणात कंपनी दिसतच नाही. समोर उभा असतो तो शेजारी, ज्याच्या घरी चवथीला आपण जातो. त्याच्याविरुद्ध 'हटवा' म्हणून गाव दुभंगतं, आणि कंपनी पुढच्या तालुक्यात दुसरा शेडवाला शोधते. मला इथे खाणी जास्त लागू वाटतात. पावसात खाणीच्या डंपची, म्हणजे टाकाऊ ढिगाऱ्यांची, माती शेतात यायची, शेतकरी ओरडायचा आणि दर वर्षी नुकसानभरपाई घ्यायचा. ती भरपाई इतकी नियमित झाली की पुढे शेत पिकवणाराच राहिला नाही. पोल्ट्रीवालाही आता कुठे कुठे शेजाऱ्यांना सणाला कोंबड्या पाठवून शांत ठेवतो. ही त्याच प्रथेची छोटी आवृत्ती आहे.

'लांब नेऊन टाका' हा मधला मार्ग सर्वांना पटतो, म्हणूनच त्याच्याकडे जरा संशयाने पाहायला हवं. १९४९ साली मुंबईतले तबेले हलवण्यासाठी आरे वसाहत उभी राहिली, तेव्हा नुसती जागा दिली नव्हती. हजारो एकर जमीन आणि तिच्यावर वाढवलेलं गवत जनावरांसोबत होतं, म्हणजे शेणाला जायला ठिकाण होतं. आपल्याकडे लांब म्हणजे कुठे? ज्या वाड्यावर वीस घरं आहेत, पंच नाही आणि बस दिवसातून दोनदा येते, तिथे. धनगरांच्या वस्तीजवळ, जंगलाच्या काठाला. आणि शेडमध्येच राहणारं कामगार कुटुंब? झारखंड-ओडिशाकडून आलेलं, पत्र्याच्या खोलीत पोरंबाळं घेऊन राहणारं, चोवीस तास तो अमोनिया हुंगणारं. त्यांना ग्रामसभेत मत नाही, त्यामुळे त्यांच्या विहिरीबद्दल ठराव झालेला कधी ऐकला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत नव्या पोल्ट्रीसाठी वस्तीपासून पाचशे मीटरचं अंतर सुचवलं आहे ते योग्यच आहे, पण नाकापासूनच्या अंतराने भूजलाचा प्रश्न सुटत नाही.

आणि संख्येवर मर्यादा घालणं हे शेतकऱ्याच्या विरोधात आहे, हा समज तर मुळापासून उलटा आहे. नेदरलँड्सकडे बघा. तिथल्या सरकारांनी वर्षानुवर्षं जनावरं वाढू दिली, बँकांनी कर्जं दिली, निर्यातीचं कौतुक झालं. मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजन-प्रदूषणाच्या परवान्यांची सरकारी योजना रद्द ठरवली, आणि ज्यांनी वीस-वीस वर्षांची कर्जं काढली होती त्यांना अचानक ऐकवलं गेलं की जनावरं कमी करा. ट्रॅक्टर महामार्गावर आले, देश ठप्प झाला, २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा पक्ष पहिला आला. त्या शेतकऱ्यांचा राग मला समजतो. मर्यादा चूक नव्हती. ती शेड बांधून, हप्ते सुरू झाल्यावर सांगितली गेली हा गुन्हा होता. आज सत्तरीतल्या ज्या मुलाला अनुदान आणि ना हरकत दाखला हसत हसत दिला जातो, त्याला पाच वर्षांनी हेच ऐकावं लागणार नाही याची हमी कोण देतं?

कायदा अगदीच मुका नाही. पोल्ट्री म्हणजे शेती, तिला प्रदूषणाचे कायदे लावायचे नाहीत ही जुनी सूट राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये फेरविचाराला लावली, आणि आता एका ठिकाणी २५ हजारांवर पक्षी असले तर जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ खाली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. पळवाट इथेच आहे. एकाच भाटात तीन भावांच्या नावावर नऊ-नऊ हजारांच्या तीन शेड घातल्या तर कागदावर एकही मोठी नाही. व्हाळाला मात्र सातबारा वाचता येत नाही, तो सत्तावीस हजारांची घाण एकत्रच नेतो. पंचायतीने एकाच पाणलोटातल्या साऱ्या शेड, गोठे, डुक्करफार्म एकत्र मोजावेत यासाठी दिल्लीच्या दुरुस्तीची वाट बघायची गरज नाही, परवाना देताना ती माहिती मागता येते. आणि जिथे आजच उपद्रव आहे तिथे उपजिल्हाधिकाऱ्याकडे सार्वजनिक उपद्रवाची कारवाई मागता येते. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १३३, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. याच कलमावर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगरपालिकेला बजावलं होतं की पैसे नाहीत ही सबब घाणीला चालत नाही. परवान्यासोबत कंपनीच्या कराराची प्रत मागावी आणि त्यात लिटर व मृत पक्षी उचलण्याची जबाबदारी कंपनीची असल्याचं कलम नसेल तर परवाना अडवावा. कंपन्या म्हणतील, मग आम्ही गोव्यात पिल्लीच टाकत नाही. धमकी खरी आहे, एकट्या पंचायतीने केलं तर त्या शेजारच्या गावात जातील. म्हणून हे पशुसंवर्धन खात्याने साऱ्या राज्यासाठी एकदम करायला हवं, अनुदानाची दोरी त्याच्याच हातात आहे.

यातलं काहीही पाण्याच्या आकड्यांशिवाय उभं राहत नाही, आणि खरी पंचाईत तिथे आहे. शेडवाल्याला विहीर तपासायला नको असते हे समजतं. तक्रारदारांनाही ती नको असते, हे कोणी उघड बोलत नाही. कारण नमुन्यात जिवाणू निघाले तर ते कोंबडीचे की आपल्याच संडासाच्या सोकपिटाचे, म्हणजे शोषखड्ड्याचे, हा प्रश्न लगेच उठतो. विहिरीपासून पाच-सात मीटरवर सोकपिट असलेली घरं आपल्या गावांत थोडी नाहीत, आणि दक्षिण गोव्यातल्या साळ नदीची जी दशा झाली आहे त्यात माणसांच्या मैल्याचा वाटा मोठा आहे. असं निघालं तर निघू दे. मग त्या घराने सोकपिट हलवावं आणि शेडवाल्याने ढीग हलवावा. शेडच्या वरच्या अंगाची एक विहीर, खालच्या अंगाच्या दोन आणि व्हाळाचं पाणी, असे नमुने एकाच दिवशी, शेडवाल्याच्या समक्ष घेऊन प्रयोगशाळेत द्यायचे, खर्च पंचायतीचा. एकदा मेमध्ये, पाणी तळाला गेल्यावर, आणि एकदा जुलैत, ढीग वाहायला लागल्यावर. पहिला नमुना पावसाआधी घेतला नाही तर जुलैच्या आकड्याशी ताडून बघायला हातात काही नसेल, आणि कंपनीचा वकील तेवढंच विचारेल.